कापसाचा खटला लढलेला अधिकारी : रॉबर्टो अझेवेदो

पऱ्हाटी

नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात बारावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डब्ल्यूटीओमध्ये जे मोठे अधिकारी असतात ते दिवसभर करतात तरी काय?" मी जागतिक व्यापार संघटनेबद्दलचं (डब्ल्यूटीओ) पाठ्यपुस्तकातलं उत्तर दिलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मला मात्र वर्धा रोडनं घरी येईस्तोवर चैन पडली नाही. त्या मुलीचे वडील कापूस पेरतात. माझेही पेरायचे. तिला सांगण्यासारखी खरी गोष्ट माझ्याकडे होती आणि मी ती सांगितली नाही. म्हणून आधी इथे लिहून काढते.

२००१-०२ चा हंगाम. आमचं शेत हिंगणघाट तालुक्यात, कोरडवाहू. त्या हंगामात जगाच्या बाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, सरासरी भाव पौंडाला ४२ सेंटच्या आसपास येऊन पडला होता, कित्येक वर्षांतला नीचांक. हा आकडा मला फार उशिरा कळला. तेव्हा एवढंच दिसलं की बाबा कापूस विकून आले आणि पाणीही न मागता ओसरीवर बसून राहिले. घरात कोणी काही विचारलं नाही. यंदा आपलाच माल हलका निघाला, असं आम्ही पोरं समजत होतो.

नेमक्या त्याच सुमारास ब्राझीलच्या परराष्ट्र खात्यात व्यापारी तंट्यांसाठी एक वेगळा विभाग उघडला गेला आणि २००१ मध्ये तो रॉबर्टो अझेवेदो यांच्याकडे आला. जन्म १९५७, साल्वादोर शहरातला. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं, ब्राझिलिया विद्यापीठातून. १९८४ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. मग वॉशिंग्टन, माँटेव्हिडिओ, जिनिव्हा अशा बदल्या. तोपर्यंत बाहेरच्या जगाला नाव ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध डब्ल्यूटीओत तक्रार केली. अमेरिकेत कापूस पिकवणारे जेमतेम २५ हजार शेतकरी, आणि ब्राझीलच्या हिशेबानं १९९९ ते २००३ या चार हंगामांत त्यांना मिळालेलं अनुदान सुमारे साडेबारा अब्ज डॉलर. भाव पडला की तिथल्या शेतकऱ्याला सरकारकडून फरक मिळायचा, त्यामुळे भाव पडूनही पेरा कमी होत नव्हता. माल बाजारात येतच राहायचा आणि भाव आणखी पडायचा. तो पडलेला भाव आफ्रिकेत मालीतल्या, बेनिनमधल्या शेतकऱ्याच्या अंगावर येत होता आणि आमच्या ओसरीवरही.

हे ओरडून सांगणारे पुष्कळ होते. सिद्ध करणं अवघड होतं. डब्ल्यूटीओच्या कृषी करारात तेव्हा १३ वं कलम होतं, त्याला शांतता कलम म्हणत. १९९२ च्या हंगामासाठी ठरवलेल्या मदतीपेक्षा जास्त मदत दिली नसेल, तर २००३ अखेरपर्यंत त्या देशावर दावा चालत नसे. म्हणजे अनुदानानं भाव पडला हे पुढचं काम, आधी हे कवच फोडायचं. त्यासाठी अमेरिकेची एकेक योजना घेऊन, कोणत्या वर्षी कापसाला किती रक्कम गेली, याचा हिशेब लावावा लागला. अर्थशास्त्राची बाजू मांडली डॅनियल समनर यांनी, जे स्वतः अमेरिकन, कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक आणि पूर्वी अमेरिकी कृषी खात्यात वरिष्ठ पदावर होते. त्यांच्या गणितानं ही अनुदानं नसती तर जगातला भाव सुमारे १२.६ टक्के वर राहिला असता.

सप्टेंबर २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. या लढाईत ब्राझीलच्या सरकारी चमूचे म्होरके अझेवेदो होते. युरोपच्या साखर अनुदानांविरुद्धचा खटलाही त्यांच्याच विभागाकडे होता, तोही जिंकला. पुढे ते जिनिव्हात ब्राझीलचे राजदूत झाले (२००८), आणि १ सप्टेंबर २०१३ ला डब्ल्यूटीओचे महासंचालक. नऊ उमेदवार होते. शेवटी उरले ते आणि मेक्सिकोचे हर्मिनियो ब्लँको. डब्ल्यूटीओच्या प्रमुखपदी लॅटिन अमेरिकेतला माणूस पहिल्यांदाच बसला.

आमच्या घरात डब्ल्यूटीओच्या आधीच्या 'गॅट'चे प्रमुख आर्थर डंकेल यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, कारण जागतिक व्यापाराच्या नियमांबद्दलच्या त्यांच्या डंकेल प्रस्तावावर गावोगाव सभा झाल्या होत्या. अझेवेदो हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. ते २०११ मध्ये गेले. २००१-०२ च्या भावामागचं कारण मी त्यांना सांगू शकले असते. पण तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हतं, हे मनातून जात नाही.

रुईगाठ

ताई, आमचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, वडिलांच्या वेळेपासून. तुम्ही २००१-०२ म्हटलं आणि ते दिवस डोळ्यांपुढे आले. गाठी बांधून ठेवलेल्या आणि उचलायला कोणी येत नव्हतं.

पोरांना शिकवताना एक गोष्ट जरूर सांगा. जगाचा भाव रुईचा असतो, सेंट आणि पौंडात. आपला शेतकरी विकतो तो सरकीसकटचा कापूस, क्विंटलमध्ये. एका क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३३-३४ किलो, बाकी सरकी आणि थोडी घट. त्यामुळे जगाचा भाव आणि हातात आलेला भाव यांचा मेळ घालायचा तर रुईचा उतारा आणि सरकीचा दर दोन्ही माहीत पाहिजेत. व्यापाऱ्याला हे पाठ असतं. शेतकऱ्याला कोणी समजावून देत नाही.

दुसरी गोष्ट. ज्या ब्राझीलबद्दल तुम्ही लिहिलं तो आज अमेरिकेला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा कापूस निर्यातदार झाला आहे. आपल्याकडे २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड गिरण्या अडचणीत आल्या, म्हणून ही सवलत होती. गिरणीची बाजू मला समजते. पण ऐन वेचणीत परदेशी गाठी बिनशुल्क उतरल्या तेव्हा इथल्या सौद्यावर काय झालं ते मी रोज पाहिलं. त्या गाठींत ब्राझीलच्याही होत्या. अझेवेदो यांनी त्यांच्या देशाचं काम चोख केलं, याबद्दल वाद नाही.

धंतोलीकर

लेख मनापासून लिहिला आहे, पण त्यातलं अर्धं चित्र राहिलं. मी निवृत्त बँक अधिकारी आहे, आकड्यांत बोलतो.

२००५ मध्ये अपिलाचा अंतिम निकाल लागला. अमेरिकेनं एक योजना २००६ मध्ये बंद केली, बाकी चालूच ठेवलं. ब्राझीलला पुन्हा दाद मागावी लागली. २००९ मध्ये लवादानं प्रतिशुल्काचा, म्हणजे उत्तरादाखल अमेरिकी मालावर जादा शुल्क लावण्याचा, हक्क दिला. मार्च २०१० मध्ये ब्राझीलनं १०२ अमेरिकी वस्तूंची यादी जाहीर केली. एकूण ८२९ दशलक्ष डॉलरची कारवाई, त्यात पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांवरही हात घालण्याची तयारी. तेव्हा कुठे अमेरिका बोलणीला बसली. आणि ठरलं काय? अमेरिका दर वर्षी १४७.३ दशलक्ष डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला देईल. ऑक्टोबर २०१४ मध्ये शेवटचे ३०० दशलक्ष देऊन प्रकरण मिटलं.

अमेरिकेच्या शेतकऱ्याला अनुदान, ब्राझीलच्या शेतकऱ्याला भरपाई. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न डब्ल्यूटीओत मांडला होता. त्यांच्या शेतकऱ्याला या समझोत्यात थेट भरपाई मिळाली नाही. आपल्यालाही नाही. २०१० मध्ये त्या बोलण्यांच्या वेळी ब्राझीलचे जिनिव्हातले राजदूत कोण होते? हेच गृहस्थ.

आणि शेवट. मे २०२० मध्ये, मुदत संपायला वर्ष बाकी असताना, त्यांनी पद सोडण्याचं जाहीर केलं. ३१ ऑगस्टला गेले आणि पेप्सिकोत कार्यकारी उपाध्यक्ष झाले. याच कंपनीनं २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर वाणाच्या हक्कावरून दावे लावले होते, मग टीका झाल्यावर मागे घेतले. शेतकऱ्याच्या बाजूनं खटला लढलेल्या माणसानं तिथे जावं हे मला पटत नाही.

पऱ्हाटी

धंतोलीकर काका, पेप्सिकोबद्दल मीही अस्वस्थ झाले होते. बचाव करणार नाही. महासंचालकपद सोडल्या सोडल्या कंपनीत जाणं कायद्यात बसत असेल, मला ते योग्य वाटत नाही.

चार आफ्रिकी देशांचं मात्र थोडं वेगळं. निकाल ज्यानं दावा केला त्याला लागू होतो. बेनिन आणि चाड या खटल्यात तिऱ्हाईत पक्ष म्हणून आले होते, आणि भारतही. तिऱ्हाईत पक्षाला म्हणणं मांडता येतं, भरपाई मागता येत नाही. दावा करायला वकील, अर्थशास्त्रज्ञ आणि वर्षानुवर्षं चिवटपणे कागद वाचणारी माणसं लागतात. मालीकडे ती नव्हती. आपल्याकडे तेव्हाही होती.

महासंचालकाच्या हाती किती असतं, हेही पाहिलं पाहिजे. त्याला मत नाही, हुकूम काढता येत नाही. अझेवेदो यांच्या काळात १६४ सदस्य झाले आणि प्रत्येक निर्णय सर्वसहमतीचा, म्हणजे एक देश अडला की गाडी अडली. जिनिव्हाच्या तळ्याकाठी जे सचिवालय आहे त्यात सहाशेच्या आसपास माणसं. एवढ्या सामग्रीवर डिसेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियात बालीच्या परिषदेत त्यांनी संघटनेच्या स्थापनेनंतरचा पहिला बहुपक्षीय, म्हणजे सगळ्या सदस्यांचा, करार घडवून आणला, तोही पदावर येऊन तीन महिने होताहेत तोवर. त्यात सीमाशुल्काचे व्यवहार सोपे करणारा व्यापार सुलभीकरण करार होता. आणि भारताच्या आग्रहामुळे सरकारी धान्यसाठ्यांवर कायमचा तोडगा निघेस्तोवर दावे न लावण्याची हमी होती. आपले आनंद शर्मा तेव्हा वाणिज्यमंत्री होते.

मग जुलै २०१४ मध्ये भारतानं अडवून धरलं. आधी धान्यसाठ्याची हमी पक्की करा, मगच सुलभीकरणाला संमती. ज्या माणसानं बाली जुळवलं त्याच्या डोळ्यांसमोर ते विस्कटत होतं. नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला, हमी स्पष्ट झाली आणि करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला. मला भारताची भूमिका बरोबर वाटते. पण त्या चार महिन्यांत दोन्ही बाजूंचे फोन घेत बसलेल्या माणसाचं कामही मोलाचं होतं, असं मला मनापासून वाटतं.

कोरडवाहू

ताई, तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मी काटोलकडचा, सात एकर. मले एकच सांगा, हे जिनिव्हाचं आमच्या हमीभावापर्यंत येते का? २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याले क्विंटलमागं ७,७१० अन् लांब धाग्याले ८,११० जाहीर झाले. पण केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं, तं बाहेर त्याच्या खाली द्यावं लागलं. हे तिकडं कोणी पाह्यते का?

पऱ्हाटी

दादा, येतं. आणि सरळ येतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं डब्ल्यूटीओच्या कृषी समितीत आपल्या कापसाच्या हमीभावावर आक्षेप दाखल केला. त्याआधी मे महिन्यात गहू-तांदळावर केला होता. म्हणणं असं, की भारताला पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच मदत देता येते आणि कापसात भारत त्याच्या कित्येक पट देतो.

हे गणित कसं निघतं ते पाहा. हमीभाव आजचा धरायचा आणि त्यातून वजा करायचा तो १९८६-८८ सालचा गोठवलेला संदर्भ भाव. मधल्या तीस वर्षांतली महागाई कुठे धरलीच नाही. वर अमेरिका हा फरक देशातल्या सगळ्या पिकाला लावते, मग केंद्रावर खरेदी झालेली असो वा नसो. तुमचा जो माल ओलावा दाखवून परत गेला आणि हमीभावाखाली विकला गेला, तोसुद्धा त्या हिशेबात "हमीभाव मिळालेला" म्हणून मोजला जातो. भारत डॉलरमध्ये हिशेब मांडतो आणि सगळं पीक धरायला तयार नाही. वाद तिथे आहे.

म्हणजे २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेला जे विचारलं त्याच धर्तीचे प्रश्न आता अमेरिका आपल्याला विचारते. उत्तर देणाऱ्या माणसाला १९८६-८८ चा संदर्भ भावही माहीत हवा आणि तुमच्या केंद्रावरचा ओलावाही.

निवांत_वकील

मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो, व्यापार कायदा हा माझा विषय नाही, पण या गोष्टीतली एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

कापसाचा निकाल अपिलात टिकला, तो डब्ल्यूटीओच्या अपील मंडळापुढे. सात सदस्य, एक प्रकरण ऐकायला किमान तीन. अमेरिकेनं नव्या नेमणुकांना संमती देणं बंद केलं आणि एकेकाची मुदत संपत गेली. १० डिसेंबर २०१९ ला शेवटच्या तिघांतले दोन गेले. त्यातले एक भारताचे उजल सिंह भाटिया, जे आधी भारताचे डब्ल्यूटीओतले राजदूत होते. एकच सदस्य उरला आणि मंडळ थांबलं, ते आजही सुरू झालेलं नाही. आता हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण हवेत लटकतं.

हे सगळं अझेवेदो महासंचालक असताना घडलं. ज्या व्यवस्थेत त्यांनी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं, ती त्यांच्याच खुर्चीसमोर बंद पडली. मी त्यांचा चाहता नाही. पण ज्या न्यायालयात आपण उभे राहिलो, जिंकलो, त्याच्या दाराला कुलूप लागताना पाहायचं आणि किल्ली आपल्या हातात नसायची, हे काय असतं ते वकिलाला कळतं. पद लवकर का सोडलं याची कारणं त्यांनी सांगितली तीच असतील, मी तर्क करत नाही.

अजनीची_आर्या

मी नागरी सेवा परीक्षेची तयारी करते आहे. सगळेजण कलेक्टर आणि एसपी एवढंच बोलतात, अभ्यासिकेत हा विषय कधी निघालाच नाही. अझेवेदो इंजिनिअर होते हे वाचून बरं वाटलं, मीही इलेक्ट्रिकलचीच आहे. आपल्याकडून इथे पोहोचायचा रस्ता कोणता? परराष्ट्र सेवाच घ्यावी लागते का?

धंतोलीकर

आर्या, परराष्ट्र सेवा हा एक रस्ता आहे, पण भारतात जिनिव्हाचं डब्ल्यूटीओचं राजदूतपद बहुधा वाणिज्य मंत्रालयात काम केलेल्या आयएएस अधिकाऱ्याकडे जातं. भाटियाही आयएएसचेच. अन्वारुल होदा हे आयएएस अधिकारी डब्ल्यूटीओत उपमहासंचालक होते, आणि पुढे हर्षवर्धन सिंह २००५ ते २०१३ त्या पदावर होते. याशिवाय भारतीय व्यापार सेवा आहे, तुझ्याच परीक्षेतून भरतात, मुलं पसंतीक्रमात खाली टाकतात. विदेश व्यापार महासंचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय आपल्या नागपुरातही आहे. दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेत डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आहे, तिथे कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेले संशोधक लागतात.

पेप्सिकोबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण माझ्या बँकेतल्या चाळीस वर्षांत पीककर्ज थकलेल्या शेतकऱ्यांच्या याद्या मी स्वतः बनवल्या आहेत. भाव का पडला याचा रकाना त्या तक्त्यात कधीच नव्हता. तू जा, बेटा.

रुईगाठ

एक राहिलं. शरद जोशींना विसरू नका. शेतकरी संघटना उभी करण्याआधी ते स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात अधिकारी होते. ते सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली. डंकेल प्रस्तावाला बाकी बहुतेक शेतकरी नेते विरोध करत होते तेव्हा ते बाजूनं उभे राहिले. सरकारच आपल्या शेतकऱ्याला उणे अनुदान देतं, भाव पाडून, हे त्यांनी कापसाच्या आकड्यांवरून दाखवलं. त्यांच्याशी सगळं पटायचं नाही. पण सभेत पन्नास हजार माणसांसमोर रुपये-पैशांचा हिशेब मांडायचे आणि माणसं उन्हात उठत नव्हती. माझे वडील त्या माणसांत होते.

कोरडवाहू

माह्या पोरीले वाचून दाखवलं हे सगळं. नववीत हाये. ती म्हणते, त्या ब्राझीलवाल्या साहेबाले कापूस वेचता येत होता का. मले काही उत्तर आलं नाही.

पऱ्हाटी

दादा, तुमच्या मुलीला सांगा की प्रश्न चांगला आहे.

काल वर्गात गोष्ट सांगितली. तास संपला तरी मुलं बसून होती. ती मुलगी, जिच्या प्रश्नावरून मी इथे आले, मधल्या सुट्टीत वडिलांची यंदाची काटापट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हा भाव सेंटमध्ये काढून द्या ना." रुईगाठ दादांनी वर लिहिलेला उतारा फळ्यावर मांडला, ३४ किलो रुई. डॉलरचा दर मोबाईलवर पाहिला. सरकीचा दर मला फोन करून कोणाला तरी विचारावा लागणार होता. तिला तो तोंडपाठ होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही किलोचे पौंड करत होतो. उरलेलं गणित आज तिनं घरून करून आणलं आहे, दोन हंगामांचं.